व्यसनांविषयी किशोरांना काय शिकवावे, कसे शिकवावे : एक आढावा

तंबाखू, दारू आणि अमली पदार्थांविषयी किशोरवयीन मुलामुलींना शिकवले पाहिजे, याबद्दल आता फारसे दुमत नाही. काय शिकवायचे, कोणत्या वयात, कोणी आणि कोणते उद्दिष्ट धरून, यावर मात्र मतभेद आहेत. मुलाने कधीच हात लावू नये एवढेच ध्येय ठेवायचे, की लावलाच तर तो त्यातून सुखरूप बाहेर पडावा याचीही तयारी करायची? भीती घालायची, माहिती द्यायची, की नकार द्यायचा सराव करून घ्यायचा? गेल्या चार-पाच दशकांत यावर जगभर प्रयोग झाले आणि त्यांचे मोजमापही झाले. काही गाजलेले उपक्रम त्या कसोटीवर उतरले नाहीत. भारतात काम कमी झाले, पण जे झाले ते मोलाचे आहे. महाराष्ट्रातल्या शाळा आणि पालक डोळ्यांसमोर ठेवून या साऱ्याचा आढावा इथे घेतला आहे.

पार्श्वभूमी

दारूविरोधी प्रबोधन आपल्याला नवे नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनांपासून गांधीवादी दारूबंदी चळवळीपर्यंत त्याची मोठी परंपरा आहे. राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने नशाबंदीची दिशा सांगितली, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा तर त्याआधीचा. पण या साऱ्याचा रोख संसार उद्ध्वस्त करणाऱ्या प्रौढ पुरुषावर होता. शाळा-कॉलेजातले मूल स्वतंत्रपणे चर्चेत आले ते १९८०च्या दशकात, मुंबई-पुण्यात गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगरचे, लोण पसरले तेव्हा. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा झाला. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होऊ शकतात, ही गोष्ट मराठी घरांपर्यंत पोचवण्यात मुक्तांगणचा आणि अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. तिथल्या दारूमुक्ती आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली.

अमेरिकेत त्याच दशकात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांच्या ‘जस्ट से नो’ या घोषणेचा बोलबाला होता. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळांनी ‘डेअर’ हा उपक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस अधिकारी वर्गात येऊन धडे देई. पुढे अमेरिकेच्या बहुसंख्य शालेय जिल्ह्यांत आणि अनेक देशांत हा नमुना पोचला.

भारतात शालेय शिक्षणाचा मुद्दा धोरणात ठळकपणे आला तो बराच नंतर. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांना आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई केली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७व्या कलमाने मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद केली. डिसेंबर २०१६ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय सर्वेक्षण करा, कृती आराखडा आखा आणि हा विषय शालेय अभ्यासक्रमात आणा, असे निर्देश दिले. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात जे अकरा विषय ठरले, त्यांत नशेच्या पदार्थांचा वापर रोखणे हा एक आहे. त्याच वर्षी २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले. कागदावरची चौकट अशी बऱ्यापैकी भरीव आहे.

मुले नेमके काय घेतात?

बातम्या वाचल्या तर एमडी हाच किशोरांपुढचा मुख्य धोका वाटतो. मेफेड्रोन म्हणजे हे एमडी २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आले, आणि त्याची काळजी वाटणे रास्तच आहे. पण आकडे वेगळा क्रम सांगतात. ‘एम्स’च्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटात १४.६ टक्के लोक दारू पितात. भांग, गांजा, चरस घेणारे २.८ टक्के आहेत. हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन, थिनर यांत मात्र मुले मोठ्यांच्या पुढे आहेत. मुलांत हे प्रमाण १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के. मुलांचा वापर प्रौढांपेक्षा जास्त असलेला हा एकच वर्ग आहे. या पदार्थांमुळे मदतीची गरज असलेली मुले सुमारे ४ लाख ६० हजार आहेत. स्टेशनरीच्या आणि सायकलच्या दुकानात काही रुपयांत मिळणारी ही वस्तू भाषणांत क्वचितच येते.

तंबाखूचे चित्र आणखी बोलके आहे. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरुवात केली होती. म्हणजे आठवी-नववीत दिला जाणारा धडा त्यांच्यापर्यंत उशिराच पोचतो.

मोठ्यांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार (२०१६-१७) महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात, पण धूम्रपान करणारे ३.८ टक्केच आहेत. बाकीचा सारा मामला मळलेल्या तंबाखूचा, खर्ऱ्याचा आणि मिश्रीचा. विदर्भात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घेऊन घोटतात. तो खर्रा आणायला घरातली मोठी माणसे मुलालाच पिटाळतात : ‘जा रे, दोन खर्रे घेऊन ये.’ पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून तिची पूड, म्हणजे मिश्री, करतात. आजी, आई, काकू सकाळी ती दातांना लावतात आणि शेजारी बसलेली मुलगीही लावते. या घरात मिश्री हे व्यसन समजले जात नाही, ती दात घासायची वस्तू असते. सिगारेटवर आडवी फुली मारलेल्या चित्रात या मुलीला स्वतःचे काहीच दिसत नाही.

वापर, घातक वापर आणि अवलंबित्व

मुलांना सांगायच्या मजकुराचा गाभा म्हणजे या तीन अवस्थांतला फरक. कुतूहलापोटी किंवा मित्रांच्या आग्रहाखातर घेणे ही पहिली. घेतल्यामुळे अभ्यास, तब्येत, पैसा, नाती यांचे नुकसान होऊ लागणे ही दुसरी. तिसरी अवलंबित्वाची : तलफ येते, तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते, मिळाले नाही तर शरीर-मन त्रास देते, थांबायचे ठरवूनही थांबता येत नाही आणि खेळ, छंद, मित्र एकेक करून मागे पडतात. या अवस्थांच्या सीमारेषांबद्दल तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणाने गैरवापर आणि अवलंबित्व हे दोन वर्ग मोडून सौम्य ते तीव्र अशी एकच श्रेणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने घातक वापर आणि अवलंबित्व वेगळे ठेवले.

हा मुद्दा वर्गातही महत्त्वाचा ठरतो. १९९४ च्या एका नावाजलेल्या अमेरिकी विश्लेषणात, आयुष्यात एकदा तरी वापर केलेल्यांपैकी तंबाखूवर सुमारे ३२ टक्के, हेरॉइनवर २३, दारूवर १५ आणि गांजावर ९ टक्के लोक अवलंबून झालेले आढळले. यातून दोन गोष्टी दिसतात. एकदा घेणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही. आणि सहज मिळणारी, कायद्याने चालणारी तंबाखू माणसाला सर्वांत घट्ट धरून ठेवते. किशोरांसाठी धोका अधिक आहे, कारण आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. अमेरिकेतल्याच १९९७ च्या विश्लेषणात पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण पुढे कधीतरी अवलंबून झाले होते, तर विशीनंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. लवकर सुरुवात हेच याचे कारण, की लवकर सुरुवात आणि व्यसन दोन्ही घडवणारी घरची-मनाची परिस्थिती हे कारण, यावर संशोधकांत अजून चर्चा चालू आहे.

चार भूमिका

पहिली भूमिका भय आणि निर्धाराची. मुलांना परिणाम डोळ्यांनी दाखवावेत, ‘कधीच नाही’ असा ठाम संदेश द्यावा आणि शपथ घ्यायला लावावी. या भूमिकेमागे सच्ची कळकळ आहे. संदिग्ध बोललो तर मुलाला मुभा मिळाल्यासारखे वाटेल, ही पालकांची भीतीही समजण्यासारखी आहे. संदेश स्पष्ट असतो आणि कमी खर्चात हजारो मुलांपर्यंत पोचतो, हे तिचे बळ. मोजमापात मात्र ती मागे पडली. ‘डेअर’चा परिणाम अगदीच किरकोळ असल्याचे १९९४ च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. हजारावर विद्यार्थ्यांना विसाव्या वर्षी पुन्हा गाठणाऱ्या १९९९ च्या अभ्यासात तर धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत काही फरकच उरला नव्हता. २००९ मध्ये ‘डेअर’ने स्वतःचा जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून कौशल्यांवर भर देणारा नवा स्वीकारला.

दुसरी भूमिका जीवनकौशल्यांची. मुले अडखळतात ती माहितीअभावी कमी आणि त्या क्षणी काय बोलावे ते न सुचल्याने जास्त, असे ही भूमिका मानते. न्यूयॉर्कमध्ये गिल्बर्ट बॉटविन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केलेला अभ्यासक्रम हा तिचा मूळ नमुना. वर्गात एक मुलगा म्हणतो, ‘घे ना रे, एकदाच. फट्टू आहेस का?’ दुसऱ्याने मैत्री न तोडता नाही म्हणायचे, मग भूमिका बदलायच्या, पुन्हा करायचे. दुसरा एक तास असा : वर्गातल्या किती जणांनी तंबाखू घेतली असेल, याचा अंदाज मुलांनी निनावी चिठ्ठीवर लिहायचा आणि तो खऱ्या आकड्याशी ताडून पाहायचा. बहुतेक वेळा अंदाज जास्त निघतो आणि ‘सगळेच घेतात’ हा समज तिथेच ढिला होतो. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याने ५१ अभ्यास आणि सुमारे सव्वा लाख विद्यार्थ्यांची माहिती तपासली. नुसत्या माहितीने माहितीच वाढते, वागणे बदलत नाही. कौशल्ये आणि मित्रांच्या दबावाची जाण एकत्र शिकवली तर परिणाम होतो, लहान पण बऱ्यापैकी सातत्याचा, असा त्याचा निष्कर्ष. ‘लहान’ हा शब्द समर्थकांनी विसरू नये आणि ‘सातत्याचा’ हा विरोधकांनी.

तिसरी भूमिका नुकसान कमी करण्याची. काही मुले घेणारच आहेत, तर त्यांना वाऱ्यावर सोडू नये, असे ती सांगते. मित्र बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका, पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका, पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या मागे बसू नका. ऑस्ट्रेलियात पर्थच्या शाळांत १९९०च्या दशकाअखेरीस झालेल्या दारूविषयक प्रयोगात अशा शिक्षणाने पिणे वाढले नाही आणि पिण्याने होणारे नुकसान कमी झाले. आक्षेप असा की, दारू सामाजिक रीतीचा भाग असलेल्या देशातला हा धडा, बहुसंख्य मुले काहीच न घेणाऱ्या आपल्या वर्गात उलट संदेश देईल. शिवाय महाराष्ट्रात कायद्याने बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळा वर्षांच्या मुलाला बेकायदा गोष्ट सुरक्षितपणे कशी करावी हे शाळेने शिकवायचे का, हा प्रश्न शिक्षक प्रामाणिकपणे विचारतात. आणीबाणीत जीव कसा वाचवावा एवढा भाग तरी प्रत्येक मुलाला कळावा, यावर मात्र दोन्ही बाजूंचे बरेच लोक सहमत होतात.

चौथी भूमिका मुलापेक्षा त्याच्या परिसराकडे पाहते. आइसलँडने १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून दरवर्षी विद्यार्थ्यांची पाहणी सुरू केली, खेळ-संगीतासाठी कुटुंबांना अनुदान दिले, पालकांना एकमेकांशी जोडले, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर निर्बंध घातले. आधीच्या महिन्यात दारूच्या नशेत असल्याचे सांगणारी १५-१६ वर्षांची मुले १९९८ मध्ये ४२ टक्के होती, ती २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आली. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. हे यश डोळ्यांत भरणारे आहे. पण देश चिमुकला आणि श्रीमंत, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि त्याच काळात इतर काही देशांतही किशोरांचे पिणे घटत होते. आपल्याकडे परिसराच्या कामाचे उदाहरण म्हणजे गडचिरोलीत २०१६ पासून चाललेले ‘मुक्तिपथ’. त्यात गाव, शाळा, शासन आणि उपचार एकत्र बांधण्याचा प्रयत्न आहे.

भारतातला पुरावा

तीन अभ्यास इथे आवर्जून नोंदवावे लागतील. पहिला, दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात झालेला ‘मैत्री’ प्रकल्प. सहावी आणि आठवीच्या मुलांसोबत वर्गातले उपक्रम, भित्तिचित्रे, पालकांना पाठवलेली पत्रके आणि समवयस्क मुलांचे नेतृत्व अशी त्याची रचना होती. दोन वर्षांनी उपक्रमातल्या शाळांत तंबाखूचा वापर तुलनेच्या शाळांपेक्षा कमी आढळला. आपल्या मुलांवर अशी पद्धत चालते याचा हा सबळ पुरावा आहे.

दुसरा मुंबईचा. महापालिकेच्या शाळांतल्या गरीब वस्तीच्या मुलांसोबत सलाम बॉम्बे फाउंडेशन २००२ पासून काम करते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागच्या तीस दिवसांत तंबाखू घेतल्याचे सांगणारे आठवीचे विद्यार्थी उपक्रमाच्या शाळांत ४.१ टक्के, तर इतर शाळांत ८.७ टक्के होते. शाळांची निवड सोडत पद्धतीने झालेली नव्हती, त्यामुळे सारे श्रेय उपक्रमालाच देता येणार नाही. तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

तिसरा बिहारचा, नवी मुंबईच्या हीलिस संस्थेच्या सहभागाने ७२ शाळांत झालेला. त्यात मुलांऐवजी शिक्षकांना तंबाखू सोडायला मदत केली गेली, आणि सोडणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा बरेच वाढले. खिशात पुडी असलेल्या गुरुजींनी तंबाखूवर धडा द्यायचा, या अवघड जागेला थेट हात घालणारा हा दुर्मीळ प्रयत्न.

या तिन्हींचा विषय तंबाखू आहे. दारू, गांजा, हुंगण्याचे पदार्थ किंवा एमडी यांबाबत भारतीय शाळांत इतक्या काटेकोरपणे तपासलेले काम फारच थोडे आहे.

न सुटलेले प्रश्न

परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा आणावा का? युरोपात सात देशांत चांगला ठरलेला ‘अनप्लग्ड’ ब्राझीलने थोडे बदल करून शाळांत आणला. चाचणीत असे दिसले की, तो शिकलेल्या मुलांत दारूची पहिली चव घेणाऱ्यांचे प्रमाण उलट वाढले, मात्र हुंगण्याचे पदार्थ पहिल्यांदा घेणारी मुले कमी झाली. चांगल्या हेतूचा धडाही अपाय करू शकतो, म्हणून प्रत्येक बदल तपासून पाहावा लागतो.

कोणत्या वयात सुरुवात करावी? तंबाखूचे आकडे प्राथमिक शाळेकडे बोट दाखवतात. पण दुसरी-तिसरीत पदार्थांची नावे सांगायची की नुसती रागलोभ सांभाळण्याची, थांबण्याची सवय लावायची? अमेरिकेत बाल्टिमोरच्या पहिलीच्या वर्गांत पदार्थांचे नावही न घेता चांगल्या वर्तनाचा सांघिक खेळ घेतला गेला. वर्गात आक्रमक असलेल्या मुलग्यांना त्याचा तरुणपणी फायदा झालेला दिसला. बालवयासाठी ही वाट आशादायक आहे, पण आपल्या साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ती कशी चालेल हे तपासायचे आहे.

कोणी शिकवावे? पोलीस, डॉक्टर, व्यसनातून बाहेर पडलेला माणूस, वर्गशिक्षक की थोडी मोठी मुले? बऱ्या झालेल्या माणसाची कहाणी मनाला भिडते, पण ‘हा सुटला, मीही सुटेन’ असा अर्थही मुले काढतात. वर्गशिक्षक वर्षभर मुलांसोबत असतो, मात्र त्याच्यावर निवडणुकीपासून पोषण आहारापर्यंतची कामे आहेत आणि त्याला दिले जाणारे प्रशिक्षण एक-दोन दिवसांचे असते.

सर्वांत कठीण प्रश्न पुढचा आहे. मूल म्हणाले, ‘सर, मी घेतो’, तर काय? अनेक शाळांत याचे उत्तर पालकांना बोलावणे, निलंबन किंवा दाखला हातात देणे असे असते. शिस्तीचा धाक इतर मुलांना वाचवतो, असे मुख्याध्यापक म्हणतात. शाळेशी नाते तुटलेले मूल अधिक वेगाने घसरते, असे समुपदेशक म्हणतात, आणि संशोधन बरेचसे त्यांच्या बाजूने आहे. अमली पदार्थाचे सेवन एनडीपीएस कायद्याने गुन्हा असला, तरी स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला ६४-अ कलमाने खटल्यापासून संरक्षण दिले आहे. ही तरतूद शिक्षकांना आणि पालकांना क्वचितच ठाऊक असते. उपचारांची सोयही तोकडी आहे. २०१९ च्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कोणते ना कोणते उपचार मिळाल्याचे दिसले. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था असलेली केंद्रे तर मोजकीच.

आणि शाळेबाहेरच्या मुलांचे काय? व्हाइटनर हुंगणारी कितीतरी मुले फलाटांवर, उड्डाणपुलाखाली राहतात. वर्गातला कोणताही अभ्यासक्रम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्यासाठी रस्त्यावर जाऊन करायचे काम हा या क्षेत्राचा सर्वांत उपेक्षित भाग आहे.

आज आपण कुठे आहोत?

काही गोष्टी आता बऱ्यापैकी पक्क्या म्हणता येतील. वर्षातून एकदा, २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनी, होणारे भाषण आणि शपथ यांनी मुलांचे वागणे बदलते याला पुरावा नाही. त्याला कार्यक्रम म्हणावे, शिक्षण म्हणू नये. सलग काही तास, संवादाच्या पद्धतीने, सराव करून घेतलेले शिक्षण थोडा पण खरा फायदा देते. तो फायदा टिकायचा तर घर, शिक्षकांचे स्वतःचे वागणे आणि शाळेच्या फाटकाबाहेरची टपरी यांचीही साथ लागते. नुकसान कमी करण्याचे शिक्षण कुठवर न्यावे, सुरुवात कधी करावी आणि परदेशी नमुने किती बदलावेत, यावर मतभेद राहतील. ते आपल्याच शाळांत, आपल्याच भाषेत काम करून आणि मोजून मिटवावे लागतील.

तोवर प्रत्येक शाळेला एक गोष्ट आजपासून करता येईल. मूल मदत मागायला आले तर त्याने कोणाकडे जायचे, त्याची वाच्यता होणार नाही याची हमी कोण देणार आणि त्याला पुढे कुठे पाठवायचे, हे शाळेने ठरवून लिहून ठेवावे आणि मुलांना सांगावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइन विनाशुल्क आहेत. हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फलकावर लिहावेत. आणि पालकांना एक विनंती : मुलाला खर्रा, तंबाखू, सिगारेट आणायला पाठवणे आजपासून थांबवा.